हिंगाच्या डबीतल्या लवंगा

अक्काला फोन केला की आपलं वाक्य आपल्याला पूर्ण करायला मिळत नाही. ‘अक्का, तब्येत...’ एवढं मी म्हणेपर्यंत पलीकडून सुरू, ‘तब्येतीला काय धाड भरलीय? गुडघे तेवढे मेले कुरकुरतात. तुझं काय गं, पुणेकरीण?’ माझं काय ते सांगायला मी तोंड उघडावं, तर तेही तीच सांगून टाकते. ‘परीक्षा जवळ आल्यात, तुझा घसा बसलाय, नवरा घरून काम करतोय आणि सारखा चहा मागतोय. होय की नाही?’ होय असतं. म्हणून तर जास्त चिडचिड होते.

आणि गंमत अशी की ही बाई उभा जन्म लोकांना एकच गोष्ट शिकवत आली. प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा.

आमची शाळा बेंगळुरूत, बेळ्ळंदूरला, रिंग रोडवरून आत वळलं की. मुलं सगळी आसपासच्या उंच इमारतींतली, माध्यम इंग्रजी आणि डब्याच्या सुट्टीत अर्ध्या देशाच्या भाषा. नवऱ्याच्या नोकरीपायी मी पुण्याहून इथे आले आणि चौथीची वर्गशिक्षिका झाले. अक्का माझ्या कितीतरी आधीपासून होती. जी मुलं इतरांच्या वेगानं किंवा इतरांच्या पद्धतीनं शिकत नाहीत, त्यांच्यासाठी शाळेनं तिला नेमलं होतं. तिच्या खोलीवर ‘स्पेशल एज्युकेटर’ अशी पाटी होती, ती तिला अजिबात आवडायची नाही. ‘मी काय स्पेशल? स्पेशल मसाला दोसा असतो,’ म्हणायची.

राहायला जयनगरला. तिचे पणजोबा कधीतरी इकडे आले आणि कापडाचं दुकान टाकून बसले, ते बसलेच. त्यामुळे तिची मराठी मराठीच, पण अधूनमधून स्वल्प म्हणजे थोडं, साकु म्हणजे पुरे, सरी म्हणजे बरं, असं काहीतरी कन्नड दाताखाली यायचं, तांदळात खडा यावा तसं. सुरुवातीला माझे पुणेरी कान टवकारायचे. आता परवा मीच नवऱ्याला ‘स्वल्प सरक की’ म्हटलं, तर तो माझ्याकडे बघतच राहिला. वॉचमनपासून प्रिन्सिपलपर्यंत सगळे तिला अक्काच म्हणायचे. मी वयाचा मान राखून ‘अहो अक्का’ म्हणायचे, पण माघारी बोलताना ‘ती’च. ती माझ्याशी पहिल्या दिवसापासून अगं-तुगं.

अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि पायांत भाच्याचे जुने खेळाचे बूट. कमरेला खोचलेली पिवळी, प्लास्टिकची, हिंगाची रिकामी डबी. तिच्यात लवंगा. एखाद्या मुलाला प्रश्न विचारला की अक्का टक्कन डबी उघडायची, एक लवंग जिभेवर ठेवायची आणि ओठ मिटायची. लवंगेची चुरचुर जिभेच्या मुळापर्यंत पोचत नाही तोवर बोलायचं नाही, असा तिचा नियम. आम्हा शिक्षिकांनाही ती लवंगा वाटायची. त्यांना हिंगाचा असा काही वास असायचा की पहिल्यांदा घेतली तेव्हा मला वाटलं, आता फोडणीच बसणार तोंडात.

‘अक्का, निदान डबी तरी धुऊन घ्या ना,’ मी म्हटलं.

‘कशाला? चव चांगली लागली तर खात बसशील. हे औषध आहे.’

‘कुणाला काय झालंय?’

‘तुला. तू प्रश्न विचारतेस, एक श्वास घेतेस आणि उत्तर पण तूच देतेस. पोरांनी काय नुसत्या टाळ्या वाजवायच्या?’

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बी.एड.ला मला पाठाची शाबासकी मिळाली होती, ही कोण मोठी लागून गेली! पण मग वर्गात लक्ष ठेवलं, तर खरंच. मीच विचारत होते आणि मीच सांगत होते.

तिची-माझी पहिली गाठ मात्र लवंगेवरून नाही, भांडणावरून पडली. शाळा सुरू व्हायच्या आधी मी माझा वर्ग असा काही सजवला होता म्हणता! क्रेपच्या झिरमिळ्या, फुलपाखरं, छताला टांगलेले ग्रह, पाढ्यांचा हत्ती. बोटांना डिंक सुकून पापुद्रे निघाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघते तर अक्का स्टुलावर उभी आणि हातात उपटलेला शनी.

‘अहो, काय करताय काय!’

‘खाली धर की जरा. फाटेल.’

‘पण का?’

‘तू लग्नाच्या कार्यालयात बसून पुस्तक वाचशील काय?’

समोरची भिंत तिनं कोरी करून टाकली. तिथे फक्त एक उभी पट्टी राहू दिली, दिवसभरात काय काय होणार त्याची चित्रं, वरून खाली. प्रार्थना, गणित, डबा, खेळ, असं. काम झालं की चित्र उलटं करायचं. बाकीची आरास मागच्या भिंतीवर, मुलांच्या पाठीमागे. माझ्या अंगाचा अगदी तिळपापड झाला होता. आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही, आणि तिच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही, कारण आमच्या दोघींच्या वाटचं तीच बोलत होती.

ती चित्रांची पट्टी होती सईसाठी. सई माझ्या वर्गात नवीन आली होती. आईवडील नागपूरचे, दोघं कंपनीत नोकरीला. सई ऑटिस्टिक. वाचायची छान, गणितं सुटायची, चित्रं तर अशी काढायची की इमारतीच्या खिडक्यासुद्धा चुकायच्या नाहीत. पण वर्गात बोलायची नाही. एक अक्षर नाही. आवाज वाढला की टेबलाखाली जाऊन बसायची आणि ठरलेलं काही बदललं की कान दाबून ओरडायची. आधीच्या शाळांनी गोड बोलून दार दाखवलं होतं. आमच्या शाळेनं घेतलं, पण अट घालून. आमचे एक ट्रस्टी होते, उंच, घड्याळाकडे बघत बोलणारे. त्यांचं म्हणणं सरळ होतं, ‘वर्षाअखेर आम्ही वर्गात येऊन बसू. ती सगळ्यांबरोबर शिकतेय असं दिसलं तर पाचवीत. नाही तर पालकांनी दुसरीकडे बघावं.’ दुसरीकडे म्हणजे कुठे, हे त्यांना कुणी विचारलं नाही. सईच्या आईनं फक्त मान हलवली.

‘आता हिला बोलतं कसं करायचं?’ मी अक्काला विचारलं.

‘हिला काय करायचंय? आधी वर्गाला करू काहीतरी.’

आणि मग ती सईच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी शिकवतेय, सई शेजारी चटईवर, आणि ही साठीच्या घरातली बाई गुडघे हनुवटीला लावून चौथीच्या खुर्चीत, अख्खा तास! पोरं खिदळत होती. तास संपल्यावर म्हणते, ‘वरची ट्यूबलाइट गुणगुणते. ऐकलंस कधी?’ मी म्हटलं, छे. ‘खुर्च्या सरकल्या की दात आंबतात. आणि खिडकीतून फळ्यावर उजेड येतो, अर्धं अक्षर दिसत नाही. तू उभी राहतेस ना, तुला काय कळणार?’ संध्याकाळच्या आत तिनं इलेक्ट्रिशियनला धरून ट्यूब बदलून घेतली. कुठल्याशा सोसायटीच्या टेनिस कोर्टावरून जुने चेंडू मागून आणले आणि चिरा देऊन सगळ्या खुर्च्यांच्या पायांत बसवले. मग खुर्च्या सरकल्या तरी कळायचं नाही. सईचं टेबलाखाली जाणं कमी झालं, हे तर झालंच, पण बाकीची पोरंही निवांत झाली. मीसुद्धा. माझी डोकेदुखी वर्गातल्या आवाजानं होती, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. मी आपली बेंगळुरूच्या पाण्याला नावं ठेवत होते.

अक्काची शिकवणी अशीच असायची, बोलता बोलता आणि बहुतेक वेळा खाण्यावरून. ‘सूचना म्हणजे पोळी,’ म्हणायची. ‘अख्खी कोंबू नको, तुकडा तोडून दे. तो गिळला की दुसरा.’ मी म्हणायचे, ‘वह्या काढा, तारीख घाला, धड्याचं नाव लिहा आणि समास सोडा.’ ती मागून ओरडायची, ‘घास अडकला!’ मग मी म्हणायचे, ‘वह्या काढा.’ आणि थांबायचे. ‘पळू नको’ म्हटलेलं तिला चालायचं नाही. ‘मग करू काय, ते सांग की. चाल म्हण.’ ‘व्हेरी गुड’ म्हटलं तर विचारायची, ‘काय गुड? अक्षर, की गप्प बसला ते, की शर्ट?’ जे केलं त्याचं नाव घ्यायचं, म्हणजे पोराला उद्या तेच परत करता येतं, असं तिचं म्हणणं. हे सगळं करताना सुरुवातीला फार अवघडायला व्हायचं. नंतर सवय झाली. हल्ली नवऱ्यालाही मी तसंच सांगते, एका वेळी एकच काम, आणि काय सांगू, होतात कामं!

माझ्याच वर्गात एक भलताच वळवळ्या मुलगा होता. अक्कानं जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्यांची एक जड पिशवी बांधून ठेवली होती. त्याची वळवळ वाढायला लागली की त्याला बोलावून सांगायची, ‘ही ऑफिसात नेऊन दे, अर्जंट आहे.’ तो छाती फुगवून निघायचा. ऑफिसातले क्लार्क गंभीर चेहऱ्यानं पिशवी ठेवून घ्यायचे, पुढच्या वेळी ‘ही अक्कांना परत द्यायचीय, अर्जंट’ म्हणून उलट पाठवायचे. जड ओझं उचलून दोन जिने चढउतार झाली की पोरगं शांत बसून लिहायचं. एकदा नवीन अकाउंटंट आला, त्यानं बिचाऱ्यानं पिशवी उघडून डिरेक्टऱ्या रद्दीत टाकल्या. अक्का त्याला असं काही कन्नडमध्ये बोलली की तो स्वतः भंगारवाल्याकडे जाऊन घेऊन आला.

पण सई अजून गप्पच. चित्रांची पट्टी बघून काम करायची, तासाला बसायची, लिहायची. बोलणं नाही. अक्काच्या खोलीत हळू आवाजात एखादा शब्द, तोही इंग्रजीत, यंत्रातून आल्यासारखा. ‘वॉटर.’ ‘फिनिश.’

एके दिवशी अक्कानं तिच्या आईवडिलांना बोलावलं. मीही होते. सई कोपऱ्यात चित्र काढत होती. बाप म्हणाला, ‘मॅडम, आम्ही तर घरात मराठी बंदच केली ना. एका ठिकाणी तपासणीला नेलं होतं, तिथं सांगितलं का भाषेचा गोंधळ होते, शाळेची एकच ठेवा. तेव्हापासून फक्त इंग्लिश.’ आणि त्यानं लगेच दाखवूनही दिलं, ‘सई, बेटा, सिट स्ट्रेट.’ मराठी माणूस मराठी बाईच्या देखत स्वतःच्या मराठी लेकीशी ऑफिसच्या मेलसारखं बोलत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कानं माझ्या हातावर लवंग ठेवली.

मग तिनं सईच्या आईला विचारलं, ‘तू हिला रागावतेस कुठल्या भाषेत?’

‘इंग्लिशच. डोन्ट टच, डोन्ट शाउट, असं.’

‘आणि लाड?’

अक्कानं डबी टक्कन उघडली, लवंग तोंडात टाकली आणि ओठ मिटले. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज. सईची आई एकदा नवऱ्याकडे बघायची, एकदा जमिनीकडे. चुळबुळ मलाच होत होती, पण बोलणार कशी? माझ्याही तोंडात लवंग. शेवटी ती बाई म्हणाली, ‘लाड मला इंग्लिशमध्ये येतच नाहीत हो अक्का,’ आणि ओढणी तोंडाला लावून रडायला लागली. बाप खिडकीबाहेर बघत राहिला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, लपवून काय उपयोग.

‘मग कर की बाई मराठीत,’ अक्का म्हणाली. ‘घरात घरासारखं बोल. शाळेचं इंग्रजी शाळेत बघू. ती दोन्ही शिकेल, तिला स्वल्प वेळ दे म्हणजे झालं.’

आई उठली, सईजवळ जाऊन खाली बसली आणि म्हणाली, ‘माय माझी, काय काढून राहिली तू?’ सईनं वर बघितलं आणि चित्राचा कागद आईकडे वळवला. पाण्याचा निळा टँकर होता.

त्यानंतर अक्काच्या खोलीत मराठी सुरू झाली. सई बोलायची, पण आधी खूप थांबायची. इतकी की वाटायचं, हिनं ऐकलंच नाही. ऐकलेलं असायचं. आपण मध्ये दुसरं काही बोललो तर तिचं जुळत आलेलं सगळं विस्कटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. अक्का लवंग तोंडात धरून बसायची आणि सई अक्काच्या तोंडाकडे बघत बसायची. मध्येच कुणी बोललं तर अक्का ‘थांब की स्वल्प’ म्हणायची, पण ते सईला नाही, दारात डोकावणाऱ्या आम्हा लोकांना. वर्गात मीही तसंच करू लागले. मी लवंग घेतली की वर्गाला कळायचं, आता कुणीच बोलायचं नाही, विचार करायचा. पहिल्या पहिल्यांदा पोरांनी नाकं मुरडली, मग ज्यांचे हात कधीच वर यायचे नाहीत असेही हात वर यायला लागले. सईचा मात्र नाही. ती चित्रांची कार्डं लावून उत्तर दाखवायची, बिनचूक, पण तोंड बंद.

कुणाला वाटेल, अक्का म्हणजे मोठी शांत, योगी वगैरे बाई. अहो कसली शांत! शाळेबाहेर तिच्याइतकी उतावीळ बाई मी पाहिलेली नाही. दर्शिनीत, म्हणजे इथल्या उभ्यानं खायच्या हॉटेलात, इडली सांगितली की काउंटरवर बोटं वाजवायची. रिक्षावाल्यानं ‘मेडम, ट्रॅफिक...’ म्हणायच्या आत ‘गोत्तु, गोत्तु, माहितीय, मीटर टाक’ म्हणून आत बसायची. बसस्टॉपवर कुणी पत्ता विचारला तर प्रश्न संपायच्या आत उत्तर, आणि ते बहुतेक दुसऱ्याच कुठल्या पत्त्याचं. जिभेला म्हणून हाड नाही. एकदा मी न राहवून म्हटलंच, ‘अक्का, तुम्ही लोकांना थांबायला शिकवता, आणि स्वतः?’

‘म्हणून तर लवंग,’ ती म्हणाली. ‘मला थांबता आलं असतं तर लवंग कशाला लागली असती? माझ्या तोंडाला कुलूप आहे ते. किल्ली नाही, नुसतं कुलूप.’

वर्ष सरत आलं आणि ट्रस्टींचा तो तास ठरला. विषय परिसर अभ्यासाचा, ‘आपल्या घरी पाणी कुठून येतं?’ अक्कानं मुद्दामच निवडला होता. सईच्या बाल्कनीतून खाली टँकर दिसायचे आणि ती रोज सकाळी उभी राहून बघायची. आम्ही सईला आधीच सगळं दाखवून ठेवलं. कोण कुठे बसणार, कोणती खुर्ची, कधी सुरू, कधी संपणार. चित्रांच्या पट्टीवर त्या दिवसासाठी एक नवीन चित्र लावलं, ‘पाहुणे’. रिकाम्या वर्गात तिला दोनदा फिरवून आणलं. कार्डं तयार होती. विहीर, नदी, टँकर, संप म्हणजे इमारतीखालचा हौद, गच्चीवरची टाकी, नळ. मनात म्हटलं, बोलली नाही तरी कार्डं लावील, तेवढं पुरे. अक्का म्हणाली, ‘त्याला पुरणार नाही.’ त्याला म्हणजे ट्रस्टींना. आणि ते खरं होतं.

त्या दिवशी मागच्या रांगेत प्रिन्सिपल मॅडम, ट्रस्टी, सईचे आईवडील आणि अक्का. अक्कानं आईच्या हातावर लवंग ठेवली, बापाच्या हातावर ठेवली, मला लांबूनच खूण केली, घेतलीस का म्हणून. मी घेतली होती.

मी विचारलं, सगळ्यांना. पोरांनी पटापट सांगितलं, ‘नळातून!’ ‘टाकीतून!’ मग मी सईकडे वळून मराठीत विचारलं. ‘सई, नळाच्या आधी पाणी कुठे असतं?’ कार्डं तिच्या पुढ्यात मांडली आणि ओठ मिटले.

सई कार्डांकडे बघत राहिली. वर्ग गप्प. माझ्या पोरांचा मला तेव्हा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू, एकानंही मध्ये तोंड घातलं नाही. चुरचुर जिभेला पोचली, तरी सई तशीच. ट्रस्टींनी घड्याळ बघितलं. प्रिन्सिपल मॅडमनी पदर सारखा केला. सईच्या आईनं डोळे मिटून घेतले. सईचं बोट टँकरच्या चित्रापर्यंत गेलं आणि परत आलं. मी थांबले.

थांबली नाही ती अक्का.

‘टँकर!’ मागून आवाज आला. ‘टँकर बघ की बाळ, सकाळी येतो तो! निळा!’

सगळ्या माना मागे वळल्या. मी कपाळाला हात लावला. झालं! वर्षभर सगळ्या शाळेला हिंगाच्या वासाच्या लवंगा चारल्या आणि ऐन वेळेला हिनंच माती खाल्ली. सगळ्यांना वाटताना स्वतः घ्यायची राहिली होती. अक्काचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, शिळ्या भाकरीसारखा कोरडा. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले, पण शब्द गेला तो गेलाच.

सई उठली. मला वाटलं, आता टेबलाखाली. नाही तर कान दाबून ओरडणार. पण ती टेबलांमधून सरळ चालत मागे गेली, अक्कापुढे उभी राहिली आणि अक्काच्या कमरेची पिवळी डबी ओढून काढली. टक्कन उघडली. एक लवंग निवडली, अक्काचे हात तोंडावरून बाजूला केले आणि ती लवंग तिच्या ओठांवर धरली.

‘थांब की, अक्का,’ सई म्हणाली. ‘स्वल्प थांब.’

सगळ्या वर्गाला ऐकू गेलं. अक्कानं मुकाट्यानं तोंड उघडलं आणि लवंग घेतली.

डबी हातात तशीच धरून सई जागेवर आली. आता तिला पुन्हा पहिल्यापासून जुळवायचं होतं, हे मला माहीत होतं. मी थांबले. कितीही वेळ लागला तरी थांबणार होते, घंटा झाली असती तरी. मग तिनं नळाचं कार्ड ठेवलं. ‘नळ,’ म्हणाली. त्याच्या डावीकडे दुसरं. ‘गच्चीवरची टाकी.’ मग, ‘संप.’ मग, ‘टँकर.’ मराठीत, सावकाश, एकेक. ज्यांना मराठी कळत नव्हती त्यांना कार्डं दिसत होती.

‘एक्सलंट!’ ट्रस्टी उभेच राहिले. ‘व्हेरी गुड! नाऊ टेल मी...’

सईच्या हातात अजून कार्डं होती. तिनं ती खाली ठेवली, डबी उचलली आणि पुन्हा मागे निघाली. त्या उंच माणसासमोर उभं राहून तिनं लवंग वर धरली. ट्रस्टींनी प्रिन्सिपल मॅडमकडे बघितलं. मॅडमनी मान हलवली. बिचाऱ्यांनी वाकून लवंग तोंडात घेतली, हिंगाचा वास लागताच डोळे बारीक केले आणि खाली बसले.

सई परत आली. उरलेली विहीर आणि नदी दोन्ही हातांत धरून तिनं बराच वेळ विचार केला. मग वर्गाकडे तोंड केलं, नेहमी मी उभी राहते तसं, आणि विचारलं, ‘टँकरमध्ये कुठून येतं?’

आणि ती गप्प राहिली. उत्तराची वाट बघत.

ज्यांना मराठी येत नव्हती त्यांना शेजारच्यांनी कुजबुजून सांगितलं, पण उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. पोरांना नाही, मला नाही, मागे बसलेल्या मोठ्या माणसांना तर मुळीच नाही. रोज पैसे मोजून पाणी घेतो, पण ते कुठून येतं हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नव्हतं. हळूहळू एक हात वर आला, मग आणखी एक. सई एकेकाकडे बघत होती. सईचा बाप तोंडावर रुमाल धरून बसला होता आणि आई हसत होती, रडतही होती. मी फळ्याकडे तोंड करून डोळे पुसले, खडूचे हात होते तरी.

घंटा झाल्यावर ट्रस्टी माझ्याजवळ आले. ते काहीतरी बोलणार होते, पण प्रिन्सिपल मॅडमच आधी बोलल्या, ‘पाचवीच्या टीचरना पण एक अशी डबी देऊन ठेवा.’ ट्रस्टींनी हो म्हणून मान हलवली आणि घड्याळ न बघता गेले.

मी धावत मागे गेले. ‘अक्का! ऐकलंत ना? पाचवीत! सई पाचवीत!’

अक्काच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिला खूप खूप बोलायचं होतं, ते दिसतच होतं. तिनं माझा हात घट्ट धरला. मग लांब खिडकीपाशी डबी घेऊन उभ्या असलेल्या सईकडे एकदा बघितलं आणि बोटानं स्वतःच्या मिटलेल्या ओठांकडे दाखवलं.

लवंग अजून तोंडात होती.